पायली, वाटी आणि काटा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा गावांतल्या बेकऱ्यांपुढे डबे घेतलेल्या बायका दिसू लागतात. मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची, ही रीत तालुक्याच्या गावांत अजून मोडलेली नाही. घरी ओव्हन नसण्याच्या काळात ती पडली आणि ओव्हन आल्यावरही टिकली, कारण भट्टीच्या नानकटाईला जो खुसखुशीतपणा येतो तो घरी येत नाही अशी सगळ्यांची खात्री आहे. गडबड होते ती भट्टीत माल जाण्याआधी. घरच्या वहीत लिहिलेलं असतं, दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. बेकरीवाला विचारतो, किलोला किती? मग सरळ हिशोब होतो. दोनास एक, म्हणजे किलोला अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो साखर.

हा हिशोब साखरेच्या बाबतीत बरोबर निघतो आणि तुपाच्या बाबतीत साफ चुकतो. साधारण दीडशे मिलीलिटरच्या वाटीत हलक्या हाताने भरलेला मैदा पंचाहत्तर ते ऐंशी ग्रॅम बसतो. दोन वाट्यांचा झाला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम. पिठीसाखरही मैद्यासारखीच हलकी, तिची वाटी पंचाहत्तर ग्रॅमची, म्हणजे मैद्याच्या जवळजवळ निम्मी. पण वितळलेल्या तुपाची तीच वाटी एकशेपस्तीस ग्रॅम भरते. वहीतलं ‘एक वाटी तूप’ किलोच्या भाषेत आणलं तर किलोभर मैद्याला साडेआठशे ते नऊशे ग्रॅम तूप होतं. अर्धा किलो तूप घालून मळलेला गोळा हाताला कोरडा लागतो, वळताना भेगाळतो, आणि मग ‘यंदा मैदाच चांगला नव्हता’ असा निकाल लागतो. मैद्याचा त्यात काडीइतका दोष नसतो.

मापावरून वजन काढायचं तर प्रत्येक पदार्थाचा आकडा वेगळा असतो, ही साधी गोष्ट आपल्या पाककृतींत कुठेच लिहिलेली नसते. म्हणून एका दुपारी खामगावच्या बाजारात मिळणारी साधी स्टीलची वाटी आणि स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन बसलो. आधी वाटी काठोकाठ पाण्याने भरली. पाणी भरलं दीडशे ग्रॅम, म्हणजे वाटी दीडशे मिलीलिटरची. मग घरातले डबे एकेक करून उघडले. चाळलेला, वरून भुरभुरवलेला मैदा पंचाहत्तरच्या आतबाहेर. तोच मैदा डब्यात वाटी खुपसून भरला आणि ओट्यावर दोनदा आपटला, तर पंचाण्णवपर्यंत गेला. तीच वाटी, तोच मैदा आणि फरक वीस ग्रॅमचा. बेसन सत्तरच्या आसपास, रवा एकशेपाच. साखर आणि तांदूळ दोन्ही सव्वाशेच्या घरात. तेल एकशेअडतीस. बारीक मीठ एकशेऐंशी, मध दोनशेच्या वर. जाडे पोहे पन्नास-पंचावन्न आणि चिवड्याचे पातळ पोहे जेमतेम तीस. पातळ पोह्यांची वाटी आणि मधाची वाटी यांच्यात सात पटींचा फरक आहे, आणि दोन्हींना आपण ‘एक वाटी’च म्हणतो.

मग तांदळाची वाटी काठाशी सपाट न करता शीग लावून भरली. आठ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीवर धान्याची शीग सव्वादोन सेंटिमीटर उंच उभी राहते आणि त्यात जवळजवळ चाळीस मिलीलिटर जादा धान्य बसतं, म्हणजे पाव वाटीहून जास्त. मापाचं तोंड जितकं रुंद तितकी शीग मोठी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आणि शेतमजुराला हे गणित शाळेत कुणी शिकवलं नाही, पण पाठ होतं. मजुरी ज्वारीत मिळायची तेव्हा पायली शिगेची की सपाट, यावर खळ्यात वाद होत. देणारा तळहाताने काठ साफ करू पाही, घेणारी ‘शीग लावून दे, माय’ म्हणून अडून बसे. पाव हिश्श्याचा फरक म्हणजे चार दिवसांच्या मजुरीत एक दिवस. वाद उगाच नव्हता.

पायलीची उतरंड फार सुरेख होती. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळीकडे फक्त दुप्पट आणि निम्मं. ज्याला पाढे येत नाहीत त्यालाही वाटणी करता यावी अशी ही रचना. एका पायलीत चौसष्ट निळवी, पण चौसष्ट हा आकडा कुणाला मोजावा लागत नसे. अडचण होती ती दुसरीकडे. तालुका बदलला की पायली बदलायची. शेर तर मापाचाही असे आणि वजनाचाही. वजनाचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण सदतीस किलोंच्या वर. मापाचा शेर मात्र ज्वारीचा वेगळा भरे, तिळाचा वेगळा, सरकीचा आणखी वेगळा. घरात दोन्ही शेर सुखाने नांदत होते, कारण घरातली बाई एकच माप वर्षानुवर्षं वापरत होती. बाजारात त्याच दोन शेरांच्या फटीतून माल पळवला जाई.

ती फट बुजवण्याचं पहिलं काम वऱ्हाडातच झालं, याचा आपल्याकडे पुरेसा अभिमान दिसत नाही. बुलढाणा जिल्हा तेव्हा हैदराबाद रेसिडेन्सीच्या कारभाराखालच्या वऱ्हाडात होता. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली ती कापसासाठी. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजाला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच आला. बाजार कुठे भरेल, तोलाई कोण करील, आडत किती, हे नियमाने ठरवण्याची सुरुवात तिथून झाली. आजच्या बाजार समितीतला परवानाधारक मापारी हा त्या कायद्याचा वारसदार. खामगाव किंवा मलकापूरच्या यार्डात तो सोयाबीनचं पोतं काट्यावर चढवतो, पण लोक त्याला अजून मापारीच म्हणतात.

पुढची मोठी घडामोड राज्याच्या फेररचनेबरोबर आली. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी वजनमापांचा कायदा संसदेत झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात उतरू लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं कायद्याने बंद झाली. पाच-सहा वर्षांत माणसाला राज्यही नवं, नाणंही नवं आणि वजनही नवं शिकावं लागलं. सोनाराने तोळा सोडला नाही, फक्त ११.६६ ग्रॅमचा होता तो दहा ग्रॅमचा करून घेतला. स्वयंपाकघराने मात्र वेगळाच मार्ग काढला. शेर, अच्छेर, नवटाक गेले आणि त्यांच्या जागी ग्रॅम यायच्या ऐवजी वाटी बसली.

मराठी पाकपुस्तकांत हे स्पष्ट दिसतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं, शेर-तोळ्यांच्या काळातलं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची, आणि ती वाटी-चमच्याच्या मापाने बोलते. रुचिराने लाखो घरांत स्वयंपाक शिकवला त्यात या मापाचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. तराजू प्रत्येक घरी नव्हता, वाटी होती. शिवाय आपल्या बहुतेक पदार्थांत मापाची चूक स्वयंपाक करणारीचा हात सुधारून घेतो. शंकरपाळ्यांचंच पाहा. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि ‘मावेल तेवढा’ मैदा. यात मैद्याचं माप मुद्दामच दिलेलं नाही. वाटी लहान असो की मोठी, मैदा जुना असो की ताजा, गोळा हाताला बरोबर लागेपर्यंत मैदा घालत जायचं. ज्वारीच्या भाकरीला तर मापच नाही. शेगावला गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी आणि हिरवी मिरची असते. त्यातल्या भाकरीचं पीठ किती आणि पाणी किती, हे आपल्या भागातली कुठलीही बाई आकड्यात सांगणार नाही. नव्या ज्वारीला पाणी वेगळं, जुनीला वेगळं, पीठ दळून आठ दिवस झाले तर आणखी वेगळं. परातीत हात घातल्यावर ते कळतं.

मग याच बायका पापडखार मात्र तोलून का घेतात? वर्षभर चिमटीने आणि मुठीने स्वयंपाक करणारी आजी उन्हाळ्यात उडदाचं पीठ काढते आणि खारासाठी दुकानदाराला वजन सांगते. किलोभर पिठाला साधारण तीस-पस्तीस ग्रॅम, घरागणिक थोडं कमीजास्त. हा खार पाण्यात उकळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पिठाला लावायचं. खार कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तळताना लालसर होतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. आणि हे कळतं पापड वाळून डब्यात गेल्यावर. तोवर हाताला दुरुस्तीची संधीच नसते. मळताना, लाटताना कसलाही इशारा मिळत नाही, म्हणून तिथे तिने काट्याचा आधार घेतला.

या खाराशी बुलढाणा जिल्ह्याचं नातं जुनं आहे. लोणारच्या विवराच्या तळाशी जे खारं पाणी आहे त्यात सोडा मुरलेला. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खाराचे थर जमत. जुन्या नोंदींत त्याच्या प्रती दिल्या आहेत, दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कुठला साबणाला, कुठला रंगकामाला, कुठला पापडाला. ‘आईन-ए-अकबरी’तही इथल्या काच आणि साबणाला लागणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. आज लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, आणि दुकानातला पापडखार बाहेरून येतो. तरी सोड्याने पीठ फुलवण्याची विद्या या जिल्ह्याला केकच्या किती आधीपासून ठाऊक होती, हे लक्षात घेतलं की केकची भीती थोडी कमी व्हायला हवी.

कारण केक, बिस्किट, पाव हे सगळे पापडासारखेच. भट्टीत गेलेल्या केकला मध्येच दूध घालता येत नाही. मैदा वाटीमागे वीस ग्रॅम जास्त गेला तर तीन वाट्यांच्या केकमध्ये साठ ग्रॅम होतो, म्हणजे आणखी पाऊण वाटी मैदा. असा केक वरून तडकतो आणि आत घट्ट बसतो. इथे पीठ, साखर, लोणी तोलूनच घ्यावं. पण सोडा आणि बेकिंग पावडरच्या बाबतीत उलट सल्ला द्यावा लागतो. घरगुती काटा एकेक ग्रॅमने सरकतो. त्यावर तीन ग्रॅम सोडा मोजायला गेलं तर काटा दोन दाखवील किंवा चार, आणि केकचा निकाल त्यावर अवलंबून. अशा चिमूटभर मालाला पाच मिलीलिटरचा मापाचा चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून घेणंच जास्त खात्रीचं. त्यात सोडा साधारण पाच ग्रॅम बसतो. घरातला चहाचा चमचा चालत नाही, कारण कुणाचा तीन मिलीलिटरचा असतो, कुणाचा सहाचा. खामगावच्या चांदी बाजारात असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत जाणारा काटा घरी असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात, शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात, विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. माणसं लाखाच्या घरात बसतात आणि वाढप ट्रॅक्टरमधून चालतं. तिथे वाटीचा विचारच संभवत नाही. गहू, वांगी, तेल, मिरची सगळं क्विंटलच्या हिशोबाने. पण क्विंटलचा हिशोब घरच्या कृतीला नुसतं गुणून काढता येत नाही, हे गावोगावचे आचारी चांगलं ओळखून असतात. लहान पातेल्यात एकास दोन पाणी लागणाऱ्या भाताला मोठ्या पातेल्यात पाणी कमी पुरतं, कारण भांडं मोठं झालं की आतला माल जितका वाढतो तितका वरचा उघडा पृष्ठभाग वाढत नाही आणि वाफ त्या मानाने कमी उडते. रश्श्याचंही तेच. म्हणून आचारी यजमानाला जी यादी देतो ती शेकडा पानांवर आणि किलोत असते, पण पाणी त्या यादीत कधीच नसतं. ते तो भट्टीपाशी उभं राहून ठरवतो.

यादीत एक ओळ हमखास घोटाळा करते, ती तेलाची. आपल्याकडे सुटं तेल किलोने घ्यायची सवय आणि पुडा मिळतो लिटरचा. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पंधरा किलोचा डबा साडेसोळा लिटर निघतो, तर पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडंच वर तेल असतं. दोन डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. भाव विचारताना किलो की लिटर, हे विचारलंच पाहिजे. त्यात तापमानाचा खेळ आहे. सोयाबीन तेल २१ अंशांना लिटरमागे सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना सुमारे ८९३. पुड्यावर बारीक अक्षरात ६० अंश लिहिलं की तितकं कमी तेल भरूनही लिटर पूर्ण होत असे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना सांगितलं, की तापमान न लिहिता माप आणि वजन दोन्ही छापा. आज पुडा हातात घेतला की ग्रॅमचा आकडा आधी वाचावा. वजन ऊन-थंडीने बदलत नाही.

आता या सगळ्यात एक नवीन पाहुणा आला आहे, कप. मोबाइलवरच्या कृतींमुळे तो घरोघरी पोचला. मोजून पाककृती लिहिण्याचा आग्रह अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकाने रुजवला. सपाट भरलेला कप, सपाट चमचा, हा त्यांचा नेम. पण अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर येतो तो १८० चा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचाही वीस मिलीलिटरचा, इतरत्र पंधराचा. चिखलीहून मेलबर्नला गेलेल्या मुलीने आईची वाटी म्हणजे तिथला कप धरला तर वाटीभर तिखटाचं पावणेदोन वाट्या होईल. मुलीने कप सांगितला आणि आईने इथे वाटी धरली तर उलटं. सगळे पदार्थ त्याच एका भांड्याने मोजले तर प्रमाण तरी टिकतं. अर्धं वाटीने, अर्धं पाकिटावरच्या ग्रॅमने मोजलं की संपलं. एकाच कृतीत ‘दोन अंडी’ आणि ‘दोन वाट्या मैदा’ आले तरी हेच होतं. अंडं कवचाशिवाय पन्नास ग्रॅमचं, ते वाटीबरोबर लहानमोठं होत नाही.

म्हणून वाटी टाकून द्यावी, असं मी म्हणणार नाही. वरण, भात, पिठलं, उपमा, शिरा यांना वाटीच बरी. हात आणि डोळा उरलेलं सांभाळतात. भट्टीत जाणाऱ्या, वाळवणात जाणाऱ्या आणि परगावी पाठवायच्या कृतींना मात्र वजन लिहिलेलं हवं. त्यासाठी घरातली सगळी मापं बदलायची गरज नाही. आपल्या वाटीत पाणी किती ग्रॅम बसतं ते एकदा पाहिलं की तिचे मिलीलिटर कळले. त्या आकड्याला मैदा, बेसन आणि पिठीसाखरेसाठी निम्मं करायचं. रव्यासाठी सात दशांश, तांदूळ, डाळ आणि साखरेसाठी आठ दशांशाच्या थोडं वर, तूप-तेलासाठी नऊ दशांशाच्या थोडं वर. दूध पाण्याहून किंचित जड, ते पाण्याइतकंच धरलं तरी चालतं. गूळ किसलेला की खडे, यावर बराच फरक पडतो, तेव्हा तो नेहमी तोलूनच घ्यावा. पुरणाला ‘डाळीइतका गूळ’ असतो तो वजनाने. वाटीने मोजला तर गूळ कमी पडतो.

साधा काटा आता तीन-चारशे रुपयांत मिळतो, कुठल्याही तालुक्याच्या बाजारात. या दिवाळीत फराळ करताना एवढं करा. जी वाटी आईने, सासूने आयुष्यभर वापरली ती पाण्याने भरून तोला आणि तो आकडा पाककृतींच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. त्याखाली मैदा, बेसन, रवा, साखर, तूप यांचं त्याच वाटीतलं वजन लिहा, आणि माप सपाट की शिगेचं तेही लिहायला विसरू नका. लेकीला किंवा सुनेला वहीचे फोटो पाठवाल, तेव्हा पहिल्या पानाचा फोटो आधी पाठवा.